शाल पुरे, आता काम द्या!

(बेळगावातील व्यापारी, कारखानदार व वाहतूकदार बंधूंच्या मेळाव्यात आम्ही केलेले भाषण वाचकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत. — संपादक)



या मेळाव्याच्या चालकांनी आम्हांला विषय दिला होता तो ‘सीमाप्रश्न आणि व्यापारी वर्ग’. या विषयावर आम्ही झोपेतही बोलू शकतो. आमचे काही मित्र तर म्हणतात की, आम्ही पुष्कळदा झोपेतच बोलतो! परंतु आज त्या विषयाचा एकच कोपरा आम्ही उजेडात आणणार आहोत, आणि तो तुमच्या गल्ल्याशी, तुमच्या हजेरीपटाशी निगडित आहे. सैन्यातून निवृत्त होऊन आपल्या गावी परतलेल्या माणसाला तुम्ही काम देता काय, देता तर कोणते देता, आणि देत नसाल तर का देत नाही, हा तो प्रश्न आहे.

गेल्या महिन्यात खानापूर तालुक्यातील एका गावी माजी सैनिकांच्या सत्काराला आम्ही गेलो होतो. मंडप होता, फेटे होते, ढोलताशा होता. अकरा निवृत्त जवानांना शाल आणि श्रीफळ देण्यात आले. भाषणे झाली. आम्हीही केले, जंगी पलटणीचे नाव घेतले, शब्दांनीच केरेनचा डोंगर चढलो आणि टाळ्या घेऊन खाली बसलो. समारंभ आटोपल्यावर चहाच्या वेळी त्या अकरांतील एक हवालदार आमच्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “संपादकसाहेब, शाल चांगली आहे की हो. पण घरात असल्या चार झाल्या. मुलगी बारावीला आहे, धाकटा आठवीत आहे. बेळगावात कुठं काम असलं तर सांगा की.”

आम्ही विचारले, “हवालदारसाहेब, सध्या काय करता?”

“एका दुकानाच्या दारात बसतो,” ते म्हणाले.

‘बसतो’ हा शब्द त्यांनी ज्या रीतीने उच्चारला, तो अजून आमच्या कानांतून गेलेला नाही. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की, हे गृहस्थ नोकरीच्या अखेरच्या चार वर्षांत कंपनीचे क्वार्टरमास्टर हवालदार होते. म्हणजे शंभराहून अधिक माणसांचे कपडे, तंबू, भांडी, अंथरूण-पांघरूण, रेशन, या सर्वांची आवकजावक त्यांच्या हातून व्हायची. काश्मीरच्या डोंगरात, बर्फात, वाटा बंद असताना त्यांनी ही वही सांभाळली आणि बदली झाली तेव्हा पुढच्या माणसाच्या हाती भांडे न् भांडे मोजून दिले. आणि ज्या दुकानाच्या दारात ते आज बसतात, त्या दुकानाच्या मालकांची तक्रार काय, तर वर्षाकाठी मालाची मोजणी कधी जुळत नाही! मोजणी जुळवू शकणारा माणूस उंबऱ्याच्या बाहेर बसलेला, आणि उंबऱ्याच्या आत मालक कपाळाला हात लावून बसलेले. दोघांनाही एकमेकांची ओळख नाही. पगार मात्र दरमहा चालू आहे, तोही रखवालदाराचा.

सज्जनहो, बेळगावकरांना सैनिक म्हणजे काय हे सांगावे लागू नये. मराठा लाइट इन्फंट्रीच्या मूळ पलटणी १७६८ आणि १७६९ या वर्षी उभ्या राहिल्या, आणि त्या रेजिमेंटचे केंद्र १९२२ पासून आपल्या या गावात आहे. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांपासून पहाटेचा बिगुल या गावाच्या कानी पडत आला आहे. सांबऱ्याला हवाई दलाच्या जवानांना शिक्षण देणारी शाळा आहे. महार रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी उभी राहिली, तीदेखील याच बेळगावात. ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, म्हणून मुद्दाम सांगतो. पहिल्या महायुद्धात कुतच्या वेढ्यात उपाशी राहिले ते मराठे आपलेच, आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे यशवंत घाडगे व नामदेव जाधव हे याच रेजिमेंटचे. चंदगड, गडहिंग्लज, आजरा, खानापूर या पट्ट्यात गल्ली-गल्लीत भिंतीवर एक तरी गणवेशातले छायाचित्र टांगलेले असते. इतके सारे असून त्या छायाचित्रातला माणूस घरी परतला की त्याचे पुढे काय होते, याचा विचार करण्याची सवड बेळगावच्या बाजारपेठेला शंभर वर्षांत झालेली नाही.

सैनिक तरुणपणीच का परततो, हे नीट ध्यानात घ्या; कारण ‘निवृत्त’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे काठी टेकीत चालणारा म्हातारा उभा राहतो, आणि तेथेच सारी चूक होते. सैन्य तरुण राहिले पाहिजे, हा सैन्याचा धर्म आहे. पंधरा वर्षे पुरी झाली की साध्या शिपायाला पेन्शनचा हक्क येतो, आणि बढती मिळाली नाही तर वयाच्या पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास त्याला घरी यावे लागते. तुमच्या कचेरीतला दिवाणजी ज्या वयात ‘आता कुठे काम अंगवळणी पडले’ असे म्हणतो, त्या वयात सैनिकाच्या हाती निरोपाचा कागद पडतो. तिन्ही दलांतून दरवर्षी सुमारे ६०,००० माणसे अशी घरी येतात. पेन्शन मिळते ती शेवटच्या वेतनाच्या निम्मी. खर्चाचा डोंगर मात्र त्याच वर्षी समोर येतो. मुले हायस्कुलात, आई-बाप थकलेले, घराचे छप्पर बदलायचे राहिलेले.

सरकारने याची व्यवस्था केलेली नाही असे आम्ही म्हणणार नाही. केंद्र सरकारच्या ‘क’ गटातील जागांत १० टक्के आणि ‘ड’ गटात २० टक्के आरक्षण माजी सैनिकांना आहे. सरकारी बँका आणि सार्वजनिक उद्योग यांत ते अनुक्रमे साडेचौदा व साडेचोवीस टक्के आहे. त्यातले साडेचार टक्के अपंग झालेल्या सैनिकांसाठी आणि धारातीर्थी पडलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी. महाराष्ट्र शासन आपल्या सेवांत १५ टक्के समांतर आरक्षण देते. मॅट्रिक झालेला आणि पंधरा वर्षे सेवा केलेला सैनिक, पदवीची अट असलेल्या ‘क’ गटाच्या पुष्कळशा जागांसाठीही पात्र धरला जातो. कागदावर हे सारे उत्तम आहे. परंतु प्रत्यक्ष भरती या टक्क्यांच्या पुष्कळच खाली राहते, हे खुद्द संसदेत दिलेल्या उत्तरांवरून वेळोवेळी उघड झालेले आहे. आणि सीमाभागातल्या मराठी सैनिकाची गत तर त्याहून निराळी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपल्याला आपल्या इच्छेविरुद्ध म्हैसूर राज्यात घालण्यात आले. तेव्हापासून या भागातला मराठी माणूस दोन कचेऱ्यांच्या मध्ये उभा आहे. एक कचेरी त्याला भाषा विचारते, दुसरी त्याला रहिवासाचा दाखला विचारते. ८६५ गावांचा आपला दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि तेवढ्या काळात एक अख्खी पिढी भरती होऊन निवृत्तही झाली! या सैनिकाला पलटणीत कोणी विचारले नव्हते, ‘बाबा रे, तुझा सातबारा कोणत्या राज्यात?’ सियाचिनला पाठविताना कोणी भाषेची परीक्षा घेतली नव्हती. घरी आल्यावर मात्र त्याच्यापुढे सारे अर्ज, सारे दाखले उभे राहतात. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने खाजगी कारखान्यांतल्या जागाही ‘स्थानिकांना’ राखून ठेवणारे विधेयक मंजूर केले आणि स्थानिकाच्या व्याख्येत कन्नड लिहिता-वाचता येण्याची अट घातली. उद्योगपतींनी ओरड करताच ते लगेच थांबविण्यात आले, हे खरे. पण त्यातून दिसायचे ते दिसले. ज्याने शाळा मराठीतून केली आणि पुढची सतरा वर्षे पठाणकोट, तेजपूर, जैसलमेर येथे घालविली, तो बेळगाव जिल्ह्यातच जन्मलेला माणूस स्वतःच्याच गावी स्थानिक आहे की नाही, हे उद्या एखादा कारकून ठरविणार!

हे सारे आम्ही सरकारला सांगतच आहोत आणि सांगत राहू. पण आज आम्ही सरकारपुढे उभे नाही, तुमच्यापुढे उभे आहोत. तुमच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत, मच्छेच्या कारखान्यात, रविवार पेठेतल्या घाऊक दुकानात, शहापूर-वडगावच्या मागांवर, गोव्याला रोज भाजी घेऊन जाणाऱ्या गाड्यांवर कोणाला ठेवायचे हे तुम्ही ठरविता. येथे कोणत्याही आयोगाची गरज नाही, कोणत्याही न्यायालयाच्या तारखेची वाट पाहायची नाही. सीमालढ्यात आपल्या हाती काय आहे, असे तुम्ही आम्हांला नेहमी विचारता. हे तुमच्या हाती आहे.

आता तुमच्या हरकती. त्या आम्हांला तोंडपाठ आहेत, कारण गेल्या महिन्याभरात आम्ही पंधरा-वीस मालकांना भेटलो आणि चहाबरोबर त्याच हरकती पुन्हा पुन्हा प्यालो.

पहिली आणि सर्वांत मोठी हरकत अशी की, ‘त्याला पेन्शन आहे, मग त्याला कशाला काम? आणि दिले तर पूर्ण पगार कशाला?’ सज्जनहो, हा प्रश्न विचारणाऱ्या एका गृहस्थांना आम्ही विचारले की, तुमच्या वडिलांनी तुम्हांला दुकानाची इमारत ठेवली, भाडे लागत नाही. मग गिऱ्हाइकाला माल निम्म्या दराने देता काय? ते हसले, पण उत्तर दिले नाही. पेन्शन ही भीक नव्हे आणि बक्षीसही नव्हे. ती मागे केलेल्या सेवेची कमाई आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्याच्या निकालात १९८२ सालीच सांगून ठेवले आहे. तुमच्याकडे तो आठ तास उभा राहतो त्याचे मोल निराळे. पेन्शनचा आकडा विचारून त्यावर पगार बेतणे म्हणजे देशाने त्याला दिलेल्या पैशातून स्वतःचा नफा काढणे होय. शब्द कडक वाटला तर वाटू द्या.

दुसरी हरकत, ‘हे लोक हुकूम सोडतात, गिऱ्हाइकाशी गोड बोलत नाहीत’. यात थोडे तथ्य आहे, आम्ही नाकारीत नाही. ज्याने वीस वर्षे ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ यांतच काढली, त्याला ‘या ताई, बसा, कोणता रंग दाखवू?’ हे एका दिवसात जमणार नाही. पण प्रत्येकाला गल्ल्यावर किंवा गादीवर बसवा असे कोणी म्हटले आहे? आणि आणखी एक सांगतो; हुकूम सोडणारा माणूस तुमच्या कारखान्याला हवाच आहे. रात्रपाळीला फर्नेस पेटलेली असताना, वितळलेले लोखंड ओतायच्या क्षणी, कोण कुठे उभा राहील आणि कोण तोंड बंद ठेवील हे ठरविणारा एक आवाज लागतो. तो आवाज ज्यांच्याकडे असतो, त्यांना आपण गेटावर स्टूल देऊन बसवतो, आणि आत अपघात झाला की नशिबाला बोल लावतो.

तिसरी हरकत, ‘त्याला आमच्या धंद्यातले काही येत नाही’. येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते, कारण या हरकतीच्या मुळाशी निव्वळ अज्ञान आहे. आपल्या मनात सैनिक म्हणजे बंदूक घेतलेला माणूस. परंतु सैन्य हे स्वतःच एक गाव असते. त्यात बंदूकवाल्यांइतकेच दुसऱ्या कामांचे लोक लागतात. ईएमई नावाची जी शाखा आहे, तिचे कामच मुळी रणगाड्यापासून दुर्बिणीपर्यंत सर्व यंत्रे दुरुस्त करण्याचे. इंजिनिअर्सच्या पलटणी पूल बांधतात, पाणी काढतात, वीज ओढतात. आपल्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स त्यांतलेच. सिग्नलचा माणूस तारा, यंत्रे आणि संगणक हाताळतो. सैन्याच्या दवाखान्यातला नर्सिंग असिस्टंट, कोठारातला भांडारपाल, हवालदार क्लार्क, आचारी, गाडीचालक, हे सारे शिपाईच. ज्या चालकाने लडाखच्या घाटात बर्फावरून दारूगोळ्याचा ट्रक नेला, त्याला चोर्ल्याच्या घाटातून भाजीची गाडी पहाटेपर्यंत पणजीला नेणे अवघड जाईल, असे तुम्हांला वाटते? प्रत्येक निवृत्त सैनिकापाशी डिस्चार्ज बुक असते. त्याने कोणते काम केले, कोणते शिक्षण घेतले, कोठे राहिला, वर्तणूक कशी होती, हे त्यात लिहिलेले असते. नवी माणसे घेताना तुम्ही शिफारसपत्रे वाचता, पुतण्याच्या मेव्हण्याची शिफारस ऐकता. हे पुस्तक कितीजणांनी उघडून पाहिले? आम्ही भेटलेल्या मालकांपैकी एकानेही नाही.

आम्ही हे ज्या तोऱ्यात बोलत आहोत, तो तोरा आता थोडा खाली उतरवितो. आमच्याच छापखान्यात एक निवृत्त नायक सव्वा वर्ष दारावर होते. रोज त्यांच्या नमस्काराला नमस्कार करून आम्ही आत जायचो आणि सैनिकांच्या त्यागावर अग्रलेख लिहायचो! एके रात्री अंक छापून तयार, परंतु गठ्ठे बांधणारा आणि गाड्यांची विभागणी करणारा माणूस आला नाही. खानापूर, निपाणी, चंदगड, सारे मार्ग अडकले. हे नायक पुढे आले, कागदाच्या पाठीवर गाड्यांचा तक्ता आखला, कोणता गठ्ठा आधी, कोणता खाली, कोणता वर हे ठरविले, आणि साडेचारला शेवटची गाडी हलली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांचे डिस्चार्ज बुक प्रथमच मागून पाहिले. रसद पोचविण्याच्या कामात त्यांनी नऊ वर्षे घालविली होती! आज आमचे वितरण तेच पाहतात, आणि कागदाच्या गुदामाची किल्लीही त्यांच्याकडेच असते. सव्वा वर्ष हा माणूस आमच्या दारात होता, आणि आम्ही त्याला विचारले नाही. तेव्हा आम्ही जे तुम्हांला सुनावीत आहोत, ते आधी स्वतःला सुनावून आलो आहोत.

सैनिकबंधू आज या सभेत मागे बसले आहेत. त्यांनाही दोन शब्द सांगितले नाहीत तर आम्ही अन्याय करू. निवृत्त झाल्यावर पहिली दोन वर्षे पारावर आणि कँटीनच्या गप्पांत घालविणारे आम्ही पाहिले आहेत. आलेली एकरकमी रक्कम घराच्या दुसऱ्या मजल्यात आणि मोटारीत घातली जाते, आणि मग तिसऱ्या वर्षी मिळेल ते काम धरावे लागते. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय सेवा संपण्याच्या आधीच पुढच्या व्यवसायाचे शिक्षण देते. ते घ्या, सुट्टी समजून घालवू नका. कोल्हापूरला आणि बेळगावलाही जिल्हा सैनिक कार्यालय आहे, तेथे नाव नोंदवा. महाराष्ट्रात माजी सैनिकांचे महामंडळ, मेस्को, २००२ सालापासून आहे. आणि दुकानदार तुमच्याहून वयाने लहान असला तरी त्याच्या धंद्यात तो तुमचा सुभेदार आहे, एवढे मानून घ्या.

आता ज्या गोष्टीमुळे आम्ही आजचा विषय बदलला, तिच्याकडे येतो. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. त्या योजनेच्या मूळ अटींप्रमाणे साडेसतरा ते एकवीस वर्षांचा मुलगा चार वर्षांसाठी भरती होतो. चार वर्षांनी फार तर पंचवीस टक्के मुलांना कायम करायचे आणि उरलेल्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये देऊन घरी पाठवायचे. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी दाखल झाल्या, त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरत जातात. आपल्या केंद्रातूनही अग्निवीरांच्या तुकड्या शपथ घेऊन बाहेर पडल्या आहेत. संचलनाला त्यांचे आईबाप आले होते, आणि त्या माउल्यांचे डोळे आम्ही पाहिले आहेत. ही योजना बरी की वाईट, यावर आमचे मत तुम्ही अग्रलेखांतून वाचले आहे, ते येथे उगाळीत नाही. पण आजवरचा निवृत्त सैनिक निदान पेन्शन घेऊन येत होता. हा मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा, अंगात रग असलेला, हाती एक रक्कम आणि पुढे सारे आयुष्य घेऊन येणार. त्याला गेटावरचे स्टूल देणार आहात? की त्याला यंत्रावर उभा करून, सहा महिने शिकवून, पुढची पस्तीस वर्षे तुमचा म्हणून ठेवणार आहात? कुशल कामगार मिळत नाही, मुले पुण्याला पळतात, बंगळूरला पळतात, अशी तुमची नित्याची ओरड आहे. शिस्त शिकलेली, पहाटे उठणारी, हुकूम पाळणारी मुले सरकार स्वतःच्या खर्चाने तयार करून तुमच्या वेशीवर आणून सोडीत आहे. ती मुले ठेकेदारांच्या हाती पडू देऊ नका. मधला माणूस त्यांच्या घामातून आपला वाटा काढून घेतो.

निवृत्त सैनिकाला बरे काम मिळाले तर त्याच्या घराचे काय होते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. फक्त त्याकडे या दृष्टीने आपण पाहत नाही. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीतल्या शाळेत शिकवीत असत. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात दुष्काळी कामावर तळे खोदणे चालले होते, तेथे त्यांना रोखपालाचे काम मिळाले. पलटणीच्या मास्तराला सरकारने गेटावर बसविले नाही, पैशांची पेटी सोपविली. जातीचा जाच त्या घराने सोसला, तो या नोकरीने चुकला नाही. त्या कामावरच्या वडिलांना भेटायला निघालेल्या मुलाला वाटेत काय सोसावे लागले, ते त्याने पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. तरीही पेन्शनीत भर घालणारे ते काम होते म्हणून घरात पुस्तके येत राहिली. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

दुसरे उदाहरण दूरदेशीचे आहे, पण आपल्याला सोयीचे. पहिले महायुद्ध संपल्यावर इंग्लंडात अपंग सैनिक रस्त्यांवर आगपेट्या विकू लागले. तेव्हा १९१९ साली तेथे राजाच्या नावाची एक नोंदवही उघडण्यात आली. ज्या मालकाच्या नोकरवर्गात शेकडा पाच अपंग सैनिक असतील, त्याचे नाव त्या वहीत. आणि त्याला आपल्या कागदपत्रांवर त्या वहीचे चिन्ह छापण्याची मुभा. सरकारी कंत्राटे देतानाही या वहीतल्या मालकांचा आधी विचार होऊ लागला. त्याच सुमारास जर्मनीने सक्तीचा कायदा केला. इंग्लंडने मालकांच्या अब्रूवर विसंबून काम चालविले. खडकीला अपंग सैनिकांना उद्योग शिकविणारी क्वीन मेरीची संस्था आहे, तीही १९१७ सालची, त्याच युद्धाचे अपत्य. आपल्याला राजा नाही आणि त्याच्या नावाची गरजही नाही. पण वही ठेवता येते, आणि अब्रू बेळगावच्या पेठेला आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो, आणि ती आमच्याच काही कार्यकर्त्यांना रुचणार नाही. मराठा लाइट इन्फंट्रीत कर्नाटकाच्या जिल्ह्यांतले कन्नड भाषिक तरुणही भरती होतात, आणि तेही शिवाजी महाराजांच्या नावाची गर्जना करूनच चढाई करतात. तुमच्या दारी असा कन्नड हवालदार काम मागायला आला, तर त्याला ‘तू आमच्यातला नाहीस’ असे म्हणू नका. आमचा झगडा आमची गावे आमच्या इच्छेविरुद्ध दाबून ठेवणाऱ्या सत्तेशी आहे. बर्फात आमच्या मुलाच्या शेजारी खंदकात बसलेल्या माणसाशी नाही. जो अन्याय आमच्यावर भाषेच्या नावाने होतो म्हणून आम्ही सत्तर वर्षे ओरडतो आहोत, तोच आम्ही आमच्या दुकानात दुसऱ्यावर करू लागलो, तर न्यायालयात कोणत्या तोंडाने उभे राहणार? वहीत नाव सैनिकाचे असेल. रकाना भाषेचा नसेल.

वीरपत्नींविषयी वेगळे भाषणच करावे लागेल. आज एवढेच, की त्यांच्यासाठी शिवणयंत्र देऊन मोकळे होण्याची चाल आता पुरे झाली. त्यांतल्या कित्येकजणी शिकलेल्या आहेत, हिशेब ठेवू शकतात. त्यांनाही कचेरीतली खुर्ची द्या.

आता कामाचे बोलतो. येत्या सोमवारपासून आमच्या कचेरीत एक वही उघडी राहील. डाव्या पानावर काम मागणाऱ्या सैनिकाचे नाव, गाव, पलटणीत केलेले काम आणि निवृत्तीचे साल. उजव्या पानावर काम देणाऱ्या मालकाची जागा, तिचे वेतन आणि पाळी. जागा लिहिताना नुसते ‘सिक्युरिटी’ असे लिहिलेले आम्ही उतरवून घेणार नाही. रखवालीचे काम हलके असे आमचे म्हणणे नाही, पण तेथे माणसे पुष्कळ झाली आहेत. ही दोन्ही पाने दर रविवारी आम्ही आमच्या पत्रात विनामूल्य छापू. ज्याच्या हजेरीपटावर वीस माणसे असतील, त्याने एक सैनिक घ्यावा. चाळीस असतील त्याने दोन. तीन महिने पाहा. पटला नाही तर कारण लिहून पाठवा, तेही आम्ही छापू, आणि सैनिकाची बाजूही छापू.

उजव्या पानावरची पहिली ओळ आम्ही घरून निघण्यापूर्वीच लिहून आलो आहोत: आमच्याच छापखान्यात यंत्रदुरुस्तीसाठी एक जागा, रात्रपाळी, पूर्ण वेतन. ज्या हवालदारांनी आम्हांला खानापूर तालुक्यात गाठले होते, त्यांचे नाव डाव्या पानावर आहे. त्यांना गुदामाचा हिशेब येतो. अडत दुकानदारांपैकी ज्यांची मोजणी जुळत नाही, त्यांनी सभा संपल्यावर आम्हांला येथेच भेटावे. ते मागच्या रांगेत, उजवीकडून तिसरे बसले आहेत, आणि डिस्चार्ज बुक त्यांनी बरोबर आणलेले आहे.